जप्तीचे रुमाल

सरांच्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण कधी पूर्ण उघडत नसे. अर्ध्यावर येऊन अडकायचा, कारण आत रुमाल कोंबलेले असत. पांढरे, चौकटीचे, कोपऱ्यात अक्षर भरलेले. एक तर इस्त्रीची घडीही न मोडलेला. सगळे विद्यार्थ्यांचे आणि सगळे जप्त केलेले. त्यांतला एक माझा. आईने माझ्या रुखवतासाठी भरून ठेवलेल्या अर्ध्या डझनातला मी घाईघाईत उचलून नेला होता. पुढे लग्नात पाचच रुमाल का मांडले, याचं उत्तर देता देता आईच्या नाकी नऊ आले.

जप्तीचं कारण एकच. इस्पितळात रुग्णाची मुलाखत चालू असताना समोरचा माणूस रडायला लागला आणि आपण कनवाळूपणे रुमाल पुढे केला, की कोपऱ्यात बसलेले सर उठायचे, रुमाल वाटेतच पकडायचे आणि आपल्या खिशात टाकायचे. रडणाऱ्याला वाटायचं, हा कोण चोर आला? तो माणूस गेला की मग आमची हजेरी.

"रुमाल का दिलास?"

"रडत होते ते, सर."

"मग? रुमाल दिल्यावर त्यांना काय कळलं? की आता पुरे झालं. तुला बघवेना म्हणून दिलास तू. त्यांच्यासाठी नाही."

हे ऐकून राग यायचा. आम्ही माणुसकी दाखवली तर तो गुन्हा, आणि हे दिवसाढवळ्या रुमाल लांबवतात ते शिक्षण! पण तोंड उघडायची सोय नव्हती, कारण दोन वर्षांनी पास-नापास त्यांच्याच हातात होतं.

ते शिक्षण म्हणजे नक्की काय, हे मला घरी कधीच नीट सांगता आलं नाही. पन्नासचं दशक संपत आलं होतं. एम.ए. झाल्यावर दक्षिणेतल्या एका मोठ्या इस्पितळात राहून मनाच्या आजारांची तपासणी आणि उपचार शिकायचे, असा तो नवाच निघालेला अभ्यासक्रम. सांगलीच्या आत्याने विचारलं, "म्हणजे तू वेड्यांची डॉक्टर होणार?" डॉक्टर नाही, म्हटलं. "मग नर्स?" नर्सही नाही. आत्याने जरा विचार केला आणि म्हणाली, "अगं, मग तिथे तुला कोण म्हणून ठेवून घेणार आहेत?" खरं म्हणजे इस्पितळातल्या डॉक्टरांनाही ते ठाऊक नव्हतं.

सर मूळचे मिरचीचा बाजार असलेल्या नंदुरबारचे. उंची बेताची, डोकं मोठं, आणि बाराही महिने अंगात तोच तपकिरी कोट. कोटाच्या डाव्या खिशात लाल मिरचीच्या चटणीची पत्र्याची डबी. मेसमध्ये सांबार वाढलं की डबी निघायची. "हे आजाऱ्याचं पाणी," असं म्हणून ते त्यात इतकी चटणी घालत की शेजारच्याला ठसका लागे. विद्यार्थ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ज्याच्या गावात जो बाजार, ते त्याचं नाव. कोल्हापूरचा होता तो गूळ. गुंटूरचा एक होता त्याला मात्र ते स्वतःच्या बरोबरीने वागवत, कारण तोही मिरचीवाला. मी सांगलीची, म्हणून हळद. "ए हळद, तुझा पाहुणा आलाय," अशी हाक मारत, आणि ती इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाई.

पेशंट हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. येणारा तो पाहुणा. पाहुण्याला आधी कोणतं गाव ते विचारायचं, मग जेवलात का ते विचारायचं, आणि मग पुढचं. इतकी वर्षं कानडी मुलखात काढून सरांना आलेलं कानडी म्हणजे "ऊट आयता?" एवढंच. जेवण झालं का? पण ते असं विचारत की महिनोन् महिने भिंतीकडे तोंड करून बसलेली माणसंसुद्धा मान वळवून बघत. गुळाने एकदा एका पाहुण्याची जन्मापासूनची हकिकत लिहून आणली होती. आई, बाप, शाळा, नोकरी, सगळं. सरांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "सकाळी काय खाऊन आला होता?" गुळाला माहीत नव्हतं. "जा, विचारून ये," म्हणाले. तो पाहुणा तर घरी गेलेला. गूळ बिचारा बस पकडून त्याच्या घरी गेला आणि जेवूनच परत आला.

आमच्या अहवालांवर त्यांची लाल पेन्सिल चालायची. विशेषणं दिसली की खोडलीच. मी एकदा लिहिलं होतं, 'रुग्ण उदास दिसली.' सरांनी बोलावून घेतलं. "उदास कुठे दिसली? हातात, पायात की पदरात?" मी टिपणं चाळायला लागले. "जे दिसलं ते लिही. उदास तुझ्या डोक्यात होतं." स्वतः अहवाल तपासताना मात्र ते अहिराणीत पुटपुटत, कागदावरच्या माणसाशीच बोलल्यासारखं. "आते तुनं काय करू रे भाऊ?" आता तुझं काय करू, असं. ही भाषा त्यांनी आमच्याशी कधी वापरली नाही. ती पाहुण्यांसाठी आणि स्वतःसाठी राखून ठेवलेली होती.

त्यांचं सगळंच गोड होतं असं मुळीच नाही. हेकटपणात त्यांचा हात कोणी धरला नसता. विशेषतः कागदावर सही करायची वेळ आली की अंगात यायचं. अमुक माणूस वेडा, तो बरा होणार नाही, असं लिहिलेला कागद समोर आला की सर आजारी पडत. डोकं दुखे, पोट दुखे, चष्मा सापडत नसे. मोठे डॉक्टर संतापून खोलीत येत, टेबलावर हात आपटत. सर म्हणत, "कागदाला काय घाई आहे? तो कुठे उपाशी बसलाय?" अशाने बढती दोनदा दारावरून निघून गेली. आम्ही हसायचो. सही न करण्याचं हे वेड त्यांना कुठून लागलं, हे विचारायची बुद्धी आम्हाला झाली नाही.

दर हिवाळ्यात ते रजा काढून नंदुरबारला जात आणि मराठी येणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला बरोबर नेत. तिथल्या एका जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मागची खोली त्यांना मिळायची. माझ्या दुसऱ्या वर्षी मी गेले. स्टेशनवर पाय ठेवला आणि मला शिंका सुरू झाल्या, त्या थांबेचनात. सर खुशीत आले. "गाव ओळख विचारतंय तुझी," म्हणाले. आम्ही डॉक्टरांकडेच उतरलो. सरांचं घर त्याच गावात, पण तिकडे ते फिरकले नाहीत. घर कुठे आहे, असं मी विचारलं तर म्हणाले, "होतं." एवढंच.

खरा दवाखाना भरायचा तो मात्र चाचांच्या पथारीवर. चाचा म्हणजे सरांचे शाळेतले दोस्त, मिरचीचे व्यापारी. पथारी म्हणजे गावाबाहेरचं त्यांचं मोठं मैदान. तिथे लाल मिरची वाळत घातलेली, लांबच लांब. एका बाजूला बायका बसून देठ खुडायच्या. त्या ओळीत सर मांडी घालून बसत, पाहुण्याला शेजारी बसवत आणि दोघं मिरच्या खुडत. चाचा ओट्यावरून ओरडायचे, "मास्तर, तेरे मेहमान आते हैं तो मेरा माल जल्दी साफ होता है. और दो-चार पागल ले आ!"

पहिल्याच दिवशी मी मिरच्या खुडल्या आणि सवयीने डोळा चोळला. त्यानंतर मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण बायका बराच वेळ हसत होत्या. थंड पाण्याने डोळे धुऊन मी परत आले तेव्हा सर म्हणाले, "पथारीवर एकच नियम. डोळे पुसायचे नाहीत. आपले नाहीत, दुसऱ्याचे तर मुळीच नाहीत. हाताला मिरची असते. वाहतंय ते वाहू द्यायचं."

मग शेजारच्या म्हाताऱ्या पाहुण्याकडे वळून म्हणाले, "आठे समदाच रडतस, बाबा. कोनी कोनले काही इचारत नही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पथारीवर बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. इथे रडायला कारण लागत नव्हतं आणि रडलं म्हणून लाज नव्हती. खणातल्या सगळ्या रुमालांचा मला एकदम उलगडा झाला.

त्याच आठवड्यात ती आली. तापीकाठच्या एका बागाईतदार घरातली सून, वय असेल वीस-एकवीस. बरोबर सासरा, सासू आणि नवरा. सासरा पागोटं सावरत थेट मुद्द्यावर आला.

"साहेब, वहू येडी शे. कितला महिना व्हयी ग्यात, एक शबद बोलनी नही. तुम्ही फक्त लिखी द्या."

"जेवनात का तुम्ही?" सरांनी विचारलं.

सासरा गोंधळला. जेवलो म्हणाला आणि परत कागदावर आला. वकिलाने सांगितलं होतं की वेड बरं होणारं नाही असा कागद डॉक्टराने दिला तर पुढे कोर्टात काडीमोड होऊ शकतो. मग मुलाचं दुसरं लग्न करता येईल. जुने डॉक्टर म्हणाले होते, तपासणी करून सरांनी लिहिलं तर मी सही करतो. म्हणजे त्या मुलीचं सगळं आयुष्य सरांच्या एका कागदावर येऊन थांबलं होतं. नवरा उंबऱ्याशी उभा राहून स्वतःच्या जोड्यांकडे बघत होता.

मी तपासणी केली. लाकडी ठोकळे मांडले, चित्रं दाखवली, प्रश्न विचारले. तिने ठोकळ्याला बोटही लावलं नाही. माझ्याकडे बघत होती, पण मागच्या भिंतीकडे बघावं तशी. मी लिहिलं, 'प्रतिसाद नाही. चेहरा सुन्न.' सरांनी 'सुन्न' खोडलं आणि बाहेर जाऊन सासऱ्याला सांगितलं, "उद्यापासून हिला चाचांच्या पथारीवर आणा. सासूबाईंनीही बरोबर बसायचं. कागदाचं मग बघू."

सासरा भडकला. "आमनी वहू मिरच्या खुडाले बसाडू? लोक काय म्हनतीन?"

"येडी शे ना ती?" सर म्हणाले. "मंग लोक काय म्हनतीन यानी काय चिंता?"

कागद हवा होता, म्हणून त्यांनी गावात नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि रोज सकाळी तिला आणून बसवू लागले. आमची ओळ अशी: मी, सर, ती, आणि तिच्या पलीकडे सासू. तिचे हात मिरचीला लगेच लागले. भराभर देठ खुडत होती. डोळ्यांतून पाणी वाहायचं, हनुवटीवरून पदरावर पडायचं, पण चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. सर तिला काहीच विचारत नव्हते. एकदा "जेवनी का?" म्हणत, आणि परत मिरचीकडे वळत. मी मनातून चरफडत होते. आमची रजा संपत आली होती आणि सासरा रोज ओट्यावर बसून चाचांना विचारायचा, कागद कधी मिळणार?

एके सकाळी पथारीवरच्या एका बाईने सासूला सहज विचारलं, "लेकरू शे का इले?"

"व्हतं," सासू म्हणाली. "गये."

सुनेचे हात थांबले. ती मिरचीकडे बघत, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "माले रडू दिधं नही."

मला वाटलं, दुसरंच कोणी बोललं. सर मात्र खुडतच राहिले. त्यांनी मानही वर केली नाही. सासूच्या हातातली मिरची खाली पडली.

"घरमा मांडो पडेल व्हता," सासू म्हणाली. ती सरांना सांगत होती की सुनेला, कळत नव्हतं. "धाकल्याले हयद लागेल व्हती. पाव्हना येल व्हतात. मी काय करू?"

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. धाकट्या मुलाला हळद लागली त्याच दिवशी सुनेचं तान्हं बाळ तापाने गेलं. हळद लागलेलं लग्न मोडत नाहीत, पुढेही ढकलत नाहीत. सुतक कळलं असतं तर मांडवातून पाहुणे उठून गेले असते. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, कोणाला कळू द्यायचं नाही. बाळाला गुपचूप नदीकाठी नेऊन पुरलं आणि विचारणाऱ्याला सांगितलं, आजोळी पाठवलंय. सुनेला नवं लुगडं नेसवून गाणी म्हणणाऱ्या बायकांत बसवलं. सासूने तिच्या कानात सांगितलं होतं, आता रडू नको, मांडव उतरला की रड. तिने ऐकलं. मांडव उतरला, नवी सून घरात आली, तिच्या माहेरच्यांना संशय येऊ नये म्हणून विषय कोणी काढेना. आणि आता रड, असं तिला कोणी सांगितलंच नाही.

सासू बोलता बोलता थांबली. सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि मग तिने हात पुढे केला, सुनेचे डोळे पुसायला.

मी ताडकन उठले. सकाळपासून मिरची खुडलेला हात तो! सरांनी माझं मनगट धरलं.

"बस."

"सर, तिच्या हाताला मिरची—"

"बस म्हणतो ना. पुसू दे."

सासूने पुसलं. दोन्ही डोळे, दोन्ही हातांनी, चांगले दाबून. क्षणभर काही झालं नाही. मग ती पोर अशी किंचाळली की ओट्यावर चाचा उभे राहिले. "मन्हा डोया जयनात, माय वं!" म्हणून ती ओरडली, आणि त्या ओरडण्याचंच पुढे "मन्हा पोऱ्या! मन्हा पोऱ्या!" झालं. ते थांबेना. काय झालं म्हणून घाबरलेल्या सासूने स्वतःच्या डोळ्यांना हात लावला आणि तीही ओरडायला लागली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून, आंधळ्या होऊन, मोठमोठ्याने रडत होत्या. पथारीवर खुडणं थांबलं. एकही बाई हसली नाही. बऱ्याच वेळाने चाचांनी स्वतः पाण्याची बादली आणून ठेवली, तेव्हा सासूने आधी सुनेचे डोळे धुतले आणि मग आपले.

संध्याकाळी सासऱ्याने विचारलं, "मंग कागद?"

"कागद भेटाव नही," सर म्हणाले. "ती येडी नही शे. तिनं रडनं बाकी व्हतं."

सासरा वाद घालणार होता. पण सासू मधे आली. डोळे सुजून तिचं तोंड ओळखू येत नव्हतं. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "चाला घर." सुनेचा नवरा आधीच बैलगाडीत गोधडी अंथरत होता. सून गाडीत चढताना त्याने हात दिला आणि तिने तो धरला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढे त्या घरात सगळं आलबेल झालं असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. पुढच्या हिवाळ्यात सर एकटे गेले, तेव्हा ती सासूबरोबर पथारीवर भेटायला आली होती. केळ्यांची फणी घेऊन आली आणि सरांनी जेवायला घरी यायला नकार दिला म्हणून चांगली भांडून गेली, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. ती भांडली, याचाच त्यांना कोण आनंद झाला होता.

त्या वर्षी परत निघालो तेव्हा आम्ही सुरतेच्या बाजूने जाणारी सकाळची गाडी धरली. सर खिडकीशी बसले होते. नंदुरबारची मिरची केव्हाच मागे राहिली होती. खांडबाराही गेलं. बाहेर नुसतं ऊन आणि साग. माझ्या शिंका थांबल्या होत्या आणि आता डोळेही स्वच्छ झाले होते. सरांचे नव्हते. पाणी गालांवरून वाहत होतं, कोटावर पडत होतं, आणि सर ते लपवत नव्हते.

माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. नवा रुमाल होता. बोटांना त्याची घडी लागली.

"मन्ही माय बी तठेच खुडे," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. माझ्याशी ते पहिल्यांदाच त्या भाषेत बोलत होते. "चाचाना बापनी पथारी व्हती ती. मी धाकला व्हतू, तिना जोडे बठू. तिना डोयाले पानी ये. माले वाटे, मिरचीमुये शे."

मग ते मराठीत म्हणाले, "घरच्यांना ती वेडी वाटायची. कोणीतरी कागद लिहून दिला. मी शाळेतून आलो तेव्हा तिला वेड्यांच्या इस्पितळात नेलेलं होतं. कोणी तिला काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. इतकं, की काहीतरी करावं, निदान एक शब्द बोलावा असं झालं. मी पर्समधला हात बाहेर काढला, रिकामाच, आणि मांडीवर ठेवला.

नवापूर येईपर्यंत ते रडत होते. मी शेजारी बसून होते. स्टेशनात गाडी थांबली तेव्हा त्यांनी कोटाच्या बाहीने तोंड पुसलं, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "जेवलीस का?"